क्ष-किरण चित्र उत्तम, गुडघा मात्र दुखतोच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त आपल्या दैनिकाने काढलेली सांधेरोपणावरील पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तीत गुडघा बदलून घेतलेल्या रुग्णांची मनोगते होती आणि ती सगळी आनंदाची होती. कोणी तीर्थयात्रा करून आले होते, कोणी नातवाच्या लग्नात नाचले होते, आणि एक गृहस्थ तर रोज पहाटे पाच किलोमीटर चालत होते. ही मनोगते खोटी आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझ्या धाकट्या बहिणीने दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि गेल्या वर्षी ती जेजुरीचा गड स्वतःच्या पायांनी चढून आली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु ज्यांची शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या दृष्टीने यशस्वी झाली आणि तरीही ज्यांचा गुडघा दुखायचा थांबलाच नाही, अशा एकाही रुग्णाला त्या सोळा पानांत जागा मिळाली नाही. मी त्यांपैकी एक आहे, म्हणून हे पत्र.

माझे वय ६७ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे फळ्यासमोर उभे राहून मी शिकवले. निवृत्तीनंतर उजवा गुडघा इतका झिजला की बाजारातून भाजी आणतानाही वाटेत दोनदा कट्ट्यावर बसावे लागे. साडेतीन वर्षांपूर्वी पुण्यातील एका रुग्णालयात मी तो बदलून घेतला. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, जखम वेळेत भरली, जंतुसंसर्ग झाला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी मला वॉकर धरून चालवले तेव्हा आता सुटले असे वाटले. पहिले सहा आठवडे दुखणारच असे सांगितले होते, म्हणून ते सोसले. मग तीन महिने थांबा म्हणाले, नंतर सहा, आणि नंतर वर्षभर. वर्ष उलटले तेव्हा पूर्वीची ती हाडावर हाड घासल्याची कळ गेलेली होती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. तिच्या जागी दुसरेच दुखणे येऊन बसले होते. गुडघ्याला कोणीतरी ओले कापड घट्ट पिळून बांधावे तसे दिवसभर आवळलेले वाटते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे आणि त्याच्या कडेला साडीचा काठ नुसता लागला तरी जळजळते. रात्री दोन-अडीचच्या सुमारास ठणका सुरू होतो, मग उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारण्यावाचून उपाय नसतो.

दर तपासणीला क्ष-किरण चित्र काढले जाते. डॉक्टर ते प्रकाशपेटीवर लावतात, मान डोलावतात आणि म्हणतात, ‘बाई, फोटो अगदी छान आहे, सांधा उत्तम बसला आहे.’ पहिल्या दोन वेळा मलाही बरे वाटले. तिसऱ्या वेळी मी विचारले की सांधा उत्तम बसला असेल तर दुखते कशाने, तेव्हा व्यायाम नीट केला नसेल, असे उत्तर मिळाले. माझा गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो, फिजिओथेरपीची एकही पाळी मी चुकवलेली नाही, आणि ज्या बाईने तीस वर्षे हजेरीपट सांभाळला तिने व्यायामाचीही वही ठेवली होती. ती वही मी पुढे केली. डॉक्टरांनी ती चाळली, हसले, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या हातून काही चूक झाली असे मला वाटत नाही आणि पुढे ज्यांना दाखवले त्यांपैकी कोणालाही तसे वाटले नाही. पण ज्या दुखण्याचा फोटो निघत नाही त्याचे काय करायचे, याची सोय त्यांच्या खोलीत नव्हती. घरी तर याहून अवघड. ‘एवढा खर्च केला, आता तरी दुखत नाही ना?’ असे पाहुणे विचारतात आणि मी ‘बरे आहे’ म्हणते, कारण दुखते म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास आणि मुलाच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसतो. त्याने माझ्यासाठी मुदतठेव मोडली होती.

हा केवळ माझ्या नशिबाचा भाग असता तर मी आपली जागा अडवली नसती. वैद्यकीय वाङ्मय इंग्रजीत का होईना, पण आता कोणालाही वाचता येते, आणि माझी पुतणी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असल्याने तिच्या मदतीने मी ते वाचले. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१२ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. गुडघा बदलल्यानंतर दीर्घकाळ नकोसे दुखणे शिल्लक राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत १० ते ३४ टक्के आढळले, आणि त्यांतील चांगल्या दर्जाचे अभ्यास पाहता ते साधारण २० टक्क्यांच्या घरात होते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात सतराशेहून अधिक रुग्णांना विचारले असता जवळजवळ १९ टक्के रुग्ण आपल्या नव्या गुडघ्याबाबत असमाधानी निघाले, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ढोबळ मानाने पाचात एक. हे आकडे वाचले त्या रात्री मी फार दिवसांनी शांत झोपले. दुखणे तेवढेच होते, पण ते मी कल्पनेने निर्माण केलेले नाही, याला कोणीतरी दुजोरा दिला होता.

मग पाचात एकाचे प्रमाण असताना सगळीकडे ९५ टक्के यशाची भाषा कशी चालते? याचे उत्तर यश कशाने मोजतात यात आहे. सांधेरोपणाच्या जगात यश म्हणजे मुख्यतः बसवलेला सांधा पुन्हा काढावा न लागणे. स्वीडनने १९७५ साली गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, पुढे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन वगैरे देशांनी ती वाट धरली, आणि या नोंदवह्यांमुळेच कोणता सांधा किती वर्षे टिकतो हे जगाला कळू लागले. ते काम मोठेच आहे. २०१९ साली अशा नोंदींवरून काढलेल्या अनुमानानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. पण टिकणे आणि न दुखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझा गुडघाही टिकणारच आहे. उद्या मी गेले तर तो माझ्याबरोबर शाबूत जाईल आणि कोणत्याही नोंदवहीत त्याची गणना यशस्वी म्हणूनच होईल.

दुखणे मोजता येत नाही, असे मात्र नाही. ऑक्सफर्डमध्ये १९९८ साली तयार झालेली बारा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. रात्री गुडघा दुखतो का, जेवणानंतर खुर्चीतून उठताना किती त्रास होतो, जिना उतरता येतो का, लंगडता का, बाजारहाट स्वतः करता का, असे घरगुती प्रश्न त्यात आहेत. प्रत्येकाला शून्य ते चार गुण आणि एकूण गुण ४८; गुण जितके जास्त तितका त्रास कमी. इंग्लंडमध्ये एप्रिल २००९ पासून शस्त्रक्रियेपूर्वी आणि सहा महिन्यांनंतर रुग्णाकडून ही प्रश्नावली भरून घेतली जाते. मी ती घरी भरून पाहिली तेव्हा मला २१ गुण मिळाले. (शाळेत हा निकाल मी ‘काठावर’ या रकान्यात लिहिला असता.) तीत मांडी घालून बसता येते का, हा प्रश्न नाही, कारण तो तिथल्या माणसांना पडत नाही. आपल्याकडे तो पहिला असायला हवा. आपल्या देशात गुडघा-खुबा शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तीत माहिती देणे ऐच्छिक आहे. त्यामुळे महाराष्ट्रात पाचात एक दुखरा राहतो की दहात एक, हे सांगणारे कोणी नाही आणि प्रत्येक दुखऱ्याला आपण एकटेच आहोत असे वाटत राहते.

दुखणे का राहते, याची कारणे अनेक आहेत आणि ती शोधण्याची एक रीत आहे, हेही मला फार उशिरा समजले. सांध्यात दबून राहिलेला जंतुसंसर्ग, सिमेंटमधून सैल झालेला भाग, किंचित फिरवून बसलेला धातू, अस्थिरता, वाटीचा त्रास, आतल्या चिवट व्रणांमुळे आलेला ताठरपणा ही झाली गुडघ्यातली कारणे. कधी गुडघा निर्दोष असतो आणि दुखणे कमरेच्या मणक्यातून किंवा खुब्यातून उतरलेले असते. कधी शस्त्रक्रियेच्या छेदात कातडीखालची एक बारीक नस कापली जाते, जी बधिरपणा आणते आणि काहींच्या बाबतीत जळजळही. आणि कधी वर्षानुवर्षे दुखणे सोसल्यामुळे मेंदू आणि मज्जारज्जूच इतके हळवे झालेले असतात की गुडघ्यातले मूळ कारण काढले तरी आतला भोंगा वाजतच राहतो. ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वी अंगभर दुखत असे, ज्यांना नैराश्य होते, किंवा ज्यांच्या सांध्याची झीज फोटोत तुलनेने कमी आणि दुखणे मात्र फार होते, त्यांना हा धोका अधिक असतो. हे सगळे शस्त्रक्रियेआधी विचारता येण्यासारखे आहे. मला कोणी विचारले नाही.

दुसऱ्या एका शल्यविशारदांनी माझा फोटो पाहून पाच मिनिटांत ‘रिव्हिजन’ सुचवली, म्हणजे बसवलेला सांधा काढून पुन्हा नवा बसवायचा. सुदैवाने माझ्या पुतणीने त्यांना एकच प्रश्न विचारला, की नक्की काय दुरुस्त करायचे आहे? उघडून पाहिल्यावर कळेल, असे ते म्हणाले. कारण सापडलेले नसताना केवळ दुखते म्हणून केलेल्या फेरशस्त्रक्रियेचे निकाल निराशाजनक असतात, याबद्दल वैद्यकीय जगात फारसा वाद नाही, आणि तरीही दुखण्याने पिचलेला माणूस काहीही करायला तयार होतो. मीही झाले होते. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र रीतसर क्रम लावला. रक्ताच्या तपासण्या, सांध्यातील पाणी काढून तपासणी, धातू फिरून तर बसला नाही ना हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन, कमरेची तपासणी. मूळ शस्त्रक्रियेची टिपणे आणि बसवलेल्या सांध्याची माहिती त्यांना हवी होती, आणि लेखी मागितल्यास ७२ तासांत आपली कागदपत्रे मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे, हे रुग्णालयाच्या खिडकीवर सांगितल्यावर ती मिळाली. सगळे निकाल निर्दोष आले. त्यांनी शांतपणे सांगितले, ‘तुमचा सांधा ठीक आहे आणि तुमचे दुखणेही खरे आहे. आता सांध्याला हात लावायचा नाही, दुखण्यावर उपचार करायचे.’ ही दोन वाक्ये एकत्र म्हणणारे ते पहिले डॉक्टर.

त्यांनी मला एका वेदनोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. हे बहुधा मूळचे भूलतज्ज्ञ असतात, हे मला ठाऊक नव्हते. तिथे पहिल्या भेटीत त्यांनी गुडघ्याला हात लावण्याआधी पाऊण तास माझे ऐकून घेतले. त्याआधीची दोन वर्षे मी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या आणून घेत होते, आणि त्याचा परिणाम मूत्रपिंडांवर, रक्ततपासणीतील क्रिएटिनिनच्या आकड्यात, दिसू लागला होता. त्या बंद झाल्या. नसांच्या दुखण्यावर चालणारी ड्युलॉक्सेटिनसारखी औषधे अगदी थोड्या मात्रेत सुरू झाली. ही गोळी नैराश्यावरही देतात, त्यामुळे दुकानदाराने चिठ्ठी पाहून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिची आता सवय झाली आहे. गुडघ्याभोवतीच्या नसांवर इंजेक्शन दिले, त्याचा चार महिने बरा उपयोग झाला. मुख्य म्हणजे चांगल्या दिवशी सगळी कामे उरकून पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायचे ही माझी रीत त्यांनी मोडली. आता मी बरे वाटो वा न वाटो, सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे चालते. त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. दुखणे गेले नाही. पूर्वी दहात आठ होते, आता पाच आहे, आणि आठ व पाच यांत किती अंतर असते हे ज्याचे दुखते त्यालाच कळते.

पाचावर संसार कसा चालतो, तेही सांगते. देवपूजा मी आता उंच चौरंगापुढे खुर्ची ठेवून करते. लग्नात पंगत असली तर मला आधी विचारले जाते, आणि टेबलावर एकटे जेवायला बसण्यापेक्षा मी नंतर येऊन आहेर देऊन जाते. हळदीकुंकवाला खाली बसता येत नाही म्हणून दोन घरी जाणे सोडले. एसटीची पहिली पायरी माझ्यासाठी सर्वांत उंच आहे. वाहक थांबतो, पण मागचे प्रवासी थांबत नाहीत, त्यामुळे साताऱ्याहून स्वारगेटला जायचे म्हणजे मी आदल्या दिवशीपासून धास्तावते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला उद्वाहन नाही. दिवसातून एकदाच खाली उतरायचे, असा नियम असल्याने कोथिंबीर विसरली तर ती विसरलीच. काठी मी घेत नव्हते, कारण ‘गुडघा बदलून पुन्हा काठी?’ हा प्रश्न ऐकवत नसे. आता घेते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे आधी सांगण्याचा. माझ्याकडून संमतिपत्रावर सही घेतली ती शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, हाताला सलाईनची सुई टोचलेली असताना, आणि तो कागद इंग्रजीत होता. त्यात भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, मृत्यू असे सगळे धोके छापलेले होते. नवा गुडघा व्यवस्थित बसूनही दुखत राहू शकतो, हे त्यात नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय, त्यातील मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे सांगितले पाहिजे, दूरान्वयाने संभवणारे धोके मात्र सांगण्याची गरज नाही, असे न्यायालय म्हणते. पाचात एक हा धोका दूरान्वयाने संभवणारा म्हणता येईल काय? माझ्या वर्गात चाळीस मुले असत. त्यांतली आठ नापास होणार असतील आणि मी ते पालकसभेत सांगितले नाही, तर मुख्याध्यापकांनी मला काय म्हटले असते?

यावर एक आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागला, आणि तो पोकळ नाही. माझे मेहुणे म्हणाले की असे लिहून तुम्ही लोकांना घाबरवाल, आणि ज्यांना खरोखर फायदा होणार आहे तेही कण्हत घरी बसतील. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा देशभरातल्या वृद्धांच्या मनातली भीती गेली. त्याआधी आमच्या आईच्या पिढीने लंगडत आयुष्य काढले, हे मला आठवते. ती भीती परत यावी असे मला अजिबात वाटत नाही. माझ्या बहिणीने शस्त्रक्रिया केली नसती तर ती आज अंथरुणात असती. पण पाचात चार बरे होतात हे वाक्य जितके खरे आहे तितकेच त्याचे उरलेले टोक खरे आहे, आणि ते आधी कळले असते तर मी कदाचित तरीही शस्त्रक्रिया करून घेतली असती. फक्त नंतरची दोन वर्षे स्वतःलाच दोष देत काढली नसती, आणि दुखणे तीन महिन्यांपुढे गेल्यावर लगेच योग्य दारात गेले असते.

त्या तीन महिन्यांना महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र नोंद मिळाली आहे. ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत याच दुखण्यावर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी प्रश्नावली देऊन ज्यांना जास्त दुखते त्यांना शोधले, तिसऱ्या महिन्यात तासाभराची नीट तपासणी केली, कारणानुसार योग्य तज्ज्ञांकडे पाठवले आणि मधूनमधून दूरध्वनी करून विचारपूस ठेवली. वर्षअखेरीस या रुग्णांचे दुखणे नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या रुग्णांपेक्षा कमी होते आणि खर्चही वाढला नव्हता. यात कोणतेही नवे यंत्र नाही. एक प्रशिक्षित परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट, एक कागद आणि एक दूरध्वनी एवढेच लागते.

केंद्र सरकारने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. दीड लाखांच्या आसपास छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक कर, या किमतीला आला आणि फेरशस्त्रक्रियेच्या सांध्याला १,१३,९५० रुपयांची मर्यादा लागली. हा निर्णय चांगलाच होता. पण वस्तूची किंमत ठरवणाऱ्या सरकारला ती वस्तू बसवल्यावर माणसाचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार नक्कीच आहे. राज्याच्या आरोग्य खात्याने प्रत्येक सांधेरोपणाची नोंद सक्तीची करावी, त्या नोंदीत तिसऱ्या महिन्याचे आणि एका वर्षाचे दुखणे रुग्णाच्याच तोंडून घ्यावे, आणि संमतिपत्र मराठीत, निदान आठवडाभर आधी, घरी वाचायला द्यावे. जिल्हा रुग्णालयांत भूलतज्ज्ञ असतातच. आठवड्यातून एक दुपार त्यांना वेदनोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागासाठी मोकळी करून दिली, तर माझ्यासारखीला पुण्याची एसटी धरावी लागणार नाही.

पुढल्या ऑक्टोबरात आपण पुन्हा पुरवणी काढालच. तीत पाच मनोगते छापणार असाल, तर पाचवे आमच्यापैकी कोणाचे तरी छापावे. मजकूर मी लिहून देईन, छायाचित्र मात्र काठीसह असेल.

माझे नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती. ज्या डॉक्टरांनी माझा गुडघा बसवला त्यांच्याकडे मी अजूनही दर सहा महिन्यांनी जाते, ते माझ्याशी सौजन्याने वागतात, आणि पुढच्या मंगळवारी माझी तपासणी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा